भोईवेस तालमीची गळती

कोल्हापुरात मॅच हरली की पहिला प्रश्न 'का हरली' असा नसतो, 'कुणी घालवली' असा असतो. का हरली हे शोधायला डोकं लागतं. कुणी घालवली हे शोधायला नुसतं तोंड पुरतं, आणि तोंडांची या गावात कधी टंचाई पडलेली नाही.

सेमीफायनल आधीच गाठलेली भोईवेस तालीम लीगमधली लागोपाठ तिसरी मॅच हरली त्या संध्याकाळी तालमीच्या दारात दीड-दोनशे तोंडं जमली होती. आत, कुस्तीच्या जुन्या हौद्याशेजारच्या खोलीत सर्जेराव इंगवले मांडीवर टॅब घेऊन बसला होता. सर्जेराव म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाचा वस्ताद. दिवसा उद्यमनगरात लेथवर टर्नर, पाचनंतर मैदानात. बावीस वर्षं असंच चाललेलं. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्याच्या शिव्या.

टॅबवर अकरा ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. दहा ठिपके हिरवे, पिवळे, कुठं जरा नारिंगी. एक लालभडक. त्याच्याखाली आकडा होता, एक्केचाळीस, आणि नाव होतं दस्तगीर मुजावर.

"वस्ताद, आता तरी नाव घ्या," तालमीचे अध्यक्ष अण्णा सरनाईक म्हणाले. सत्तरीचा माणूस, पण आवाज अजून मिरवणुकीतला. "मशीननं घेतलंय, तुम्ही कशाला लाजालाय?"

"अण्णा, मशीन म्हणतंय की गळती त्याच्या जागेवर हाय. त्यानं मॅच विकली असं कुठं म्हणतंय?"

"मग काय म्हणतंय? एक्केचाळीस टक्के गळती! घराच्या नळाला एवढी गळती असती तर वहिनींनी तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

बाहेर कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "शेवटी..." आणि थांबलं. त्या 'शेवटी'च्या पुढं काय येतं ते सगळ्यांना माहीत होतं. ते बोलून दाखवायची अजून लाज होती, एवढंच. मोहरमात या तालमीत जो पीराचा पंजा बसतो तो मुजावरांच्याच हातून बसतो, चार पिढ्या. पण तीन मॅच हरल्यावर चार पिढ्या कोण मोजतो?

ते मशीन आलं तीन महिन्यांपूर्वी. नाव 'जाळं'. पुण्याच्या समवेग नावाच्या कंपनीनं शहरातल्या सोळाही संघांना ते फुकट दिलं होतं. फुकट कोण देतंय, हा प्रश्न सर्जेरावला पहिल्याच दिवशी पडला होता. पण समोरच्या, कायमच्या वैरी कुंभारबाव तालमीनं घेतलं म्हटल्यावर भोईवेस मागं कशी राहणार?

प्रत्येक खेळाडूच्या बनियनमध्ये नखाएवढ्या चकत्या शिवल्या होत्या. ठोके, श्वास, मान कुठं वळली, पाय कधी उचलला, सगळं त्या टिपायच्या. मैदानाभोवती बारा कॅमेरे. पण कंपनीची बढाई वेगळीच होती. आम्ही खेळाडू मोजत नाही, असं ते म्हणायचे, आम्ही दोघांच्या मधलं मोजतो. अकरा माणसांत पंचावन्न जोड्या होतात. एकानं हालचाल केल्यावर दुसऱ्याच्या अंगात ती किती वेळानं पोचते, तो उशीर प्रत्येक जोडीचा वेगळा. ते सगळे उशीर एकमेकांत गुंफले की संघ तयार होतो. संघ म्हणजे अकरा माणसांची बेरीज नव्हे, ते पंचावन्न दोरांचं जाळं. त्यातला एकूण उशीर ज्याच्या जागी जेवढा साचतो, तेवढी त्याची 'गळती'.

हे सर्जेरावला समजावलं होतं शर्वरी कांबळेनं. ती कंपनीची मुलगी, पण मूळची राजारामपुरीची, त्यामुळं तिला भाषा कळायची.

"वस्ताद, जोतिबाला सासनकाठी धरलीय का कधी?"

"खांद्याला घट्टा बघ, पोरी."

"मग सांगा. पन्नास फुटी काठी डुलायला लागली, तर कोण चुकलं? दोर चार, माणसं चार. एकानं जरा ढिला सोडला. समोरच्यानं ते बघून ओढला. पण बघून ओढेपर्यंत एक क्षण गेला, आणि तेवढ्यात पहिल्यानंही सावरून ओढला. आता काठी उलटीकडं कलली. मग तिसरा घाबरून ओढतो. झोका वाढतच जातो. माणूस कुणीच चुकलेला नसतो. चुकलेला असतो मधला उशीर."

सर्जेरावला हे पटलं होतं. काठी पडताना त्यानं डोळ्यांनी बघितली होती. पण टॅबच्या पडद्यावर झोका दिसत नव्हता, लाल ठिपका दिसत होता.

"मग ह्यो लाल रंग कशाला दिलाय?" त्यानं तेव्हाच विचारलं होतं.

शर्वरीनं खालचा ओठ चावला होता. "तो विक्रीवाल्यांनी घातलाय. गिऱ्हाइकाला आकृती नको असते, वस्ताद. गिऱ्हाइकाला नाव पाहिजे असतं."

आता ते नाव दारातल्या दीड-दोनशे तोंडांत होतं.

अण्णांनी दस्तगीरला आत बोलावलं. एकोणतीस वर्षांचा, उंच, गुडघ्यांवर जुन्या खरचटण्याचे काळे डाग. बारा वर्षांचा असताना तो या तालमीत आला आणि सर्जेरावनं त्याला बचावाच्या मधोमध उभा केला, तो तिथंच वाढला. दर रविवारी जेवायला सर्जेरावच्या घरी.

"दस्तू," अण्णा म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. रीत हाय ती हाय. माती उचल आणि बोल, की मी मॅच विकली न्हाई. संपला विषय."

हौद्यातली तांबडी माती मुठीत घेऊन खोटं बोललं की अंगाला माती लागत नाही, म्हणजे पुन्हा कुस्तीच होत नाही, अशी तालमीची जुनी समजूत. गेल्या साठ वर्षांत पाच-सहा जणांनी उचलली असेल.

दस्तगीरनं हौद्याकडं बघितलं, मग सर्जेरावकडं. सर्जेराव म्हणाला, "उचल की लेका. काय जातंय?"

दस्तगीरच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं.

"सतरा वर्षं ही माती गुडघ्यात घेऊन फिरालोय, वस्ताद," तो म्हणाला. "आता मुठीत घेऊन काय दाखवू? न्हाई उचलत."

आणि तो चालता झाला. दारातली तोंडं बाजूला सरकली. पण गप्प झाली नाहीत.

संशयाचं असं असतं की तो एकदा आत शिरला की भाड्यानं राहत नाही, मालक होऊन बसतो. दस्तगीरनं माती का उचलली नाही? सर्जेराव रात्रंदिवस हेच चघळत बसला. खरा असता तर उचलायला काय हरकत होती? मग त्याला दिसायला लागलं. दस्तगीरच्या पायात नवे बूट. दस्तगीरचा फोन सरावात दोनदा वाजला, दोन्हीदा तो लांब जाऊन बोलला. आणि मंगळवारी उद्यमनगरच्या नाक्यावर, चहाच्या गाड्याशी, दस्तगीर एका जाड्या माणसाबरोबर उभा होता. तो जाडा माणूस कुंभारबावचा होता. सर्जेरावनं त्याला मिशांवरून ओळखलं.

घरी त्यानं हे बायकोच्या कानावर घातलं. मंगल चपात्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही.

"मग? चहा प्यायला तर प्यायला."

"कुंभारबावच्या माणसाबरोबर? सेमीफायनलच्या आधी? ती जिंकली तर फायनलला त्येच समोर!"

"तुमची बहीण कुंभारबावात दिलीय. तिच्या हातचा चहा पिताय तेव्हा मॅच विकताय व्हय?"

"तुला कळत न्हाई."

"मला एवढं कळतंय, की गेल्या रविवारी तो आला न्हाई. सतरा वर्षांत पहिल्यांदा. आणि तुम्ही का आला न्हाई म्हणून फोन केला न्हाई." तिनं चपाती तव्यावर टाकली. "मशीननं सांगितलं न्हवतं वाटतं, करा म्हणून."

सेमीफायनलला सर्जेरावनं दस्तगीरला घेतलं नाही. त्याच्या जागी कोवळा निखिल मुळीक उभा केला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, पण तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. आदले पाच दिवस सरावात ओरडून ओरडून सर्जेरावचा घसा बसला होता. नुसता बसला नव्हता, पार झोपला होता. तोंडातून हवा यायची, शब्द येत नव्हता. मॅचभर तो गळ्याला टॉवेल गुंडाळून बाकावर बसून राहिला आणि हातवारे करत राहिला. ते कुणी बघितलेसुद्धा नाहीत.

भोईवेस तीन-शून्यनं जिंकली.

गावात गुलाल उधळला गेला. हलगी वाजली. अण्णांनी सर्जेरावला खांद्यावर घ्यायला लावलं, आणि वर बसल्या बसल्या त्याला खाली ओरडणारी पोरं दिसली. ती 'भोईवेस, भोईवेस' ओरडत होती, आणि मधूनच कुणीतरी 'गळती बंद' ओरडायचं की सगळे हसायचे. फलकही लागला चौकात. त्यावर सगळ्या खेळाडूंचे फोटो. दस्तगीरचा नाही.

आता पुरावा मिळाला होता. तो काढला, आपण जिंकलो. याच्यापुढं कुणाला काय पाहिजे?

सर्जेराव त्या रात्री शांत झोपला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झोपला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, शर्वरी कांबळे कारखान्यात आली. लेथच्या घरघरीत तिला ओरडून बोलावं लागत होतं. सर्जेरावनं मशीन बंद केलं. घसा जरा उघडला होता.

"वस्ताद, सेमीचा पूर्ण अहवाल आलाय. तो मी मेल करणार न्हवते. हातात द्यायचा होता."

"दे की. जिंकलोय आपण."

"कशामुळं?"

"दस्त्याला काढला म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

शर्वरीनं लेथकडं बोट दाखवलं. "मला एक सांगा. हे मशीन काम करताना कधी थरथरतं का? म्हणजे कातायला लावलेल्या जॉबवर लाटा उठतात तसं?"

"चॅटर म्हणतात त्याला. रोजचं हाय."

"मग काय करता?"

"टूल बघायचं. धार गेली असंल. न्हाईतर बेल्ट ढिला. न्हाईतर जॉबच लांब बाहेर काढलेला. कधी कधी पायाचा बोल्ट ढिला असतो आणि थरथर वर टूलला दिसती."

"आणि तुम्ही एकाच वेळी टूलही बदललंत आणि बोल्टही आवळलात, आणि थरथर थांबली. तर कशानं थांबली?"

"ते कसं सांगणार? एकावेळी एकच बदलायचं, तरच कळतं. नवशिक्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतो आम्ही..."

तो थांबला. हात आपोआप गळ्याकडं गेला.

"सेमीला दोन गोष्टी बदलल्या होत्या," शर्वरी म्हणाली. "दस्तगीर न्हवता. आणि तुमचा आवाज न्हवता."

तिनं टॅब उघडला. या वेळी पडद्यावर बारा ठिपके होते.

"हा बारावा कोण?"

"तुम्ही. आम्ही तुम्हाला कधी मोजलंच न्हवतं, कारण तुम्ही चकत्यांचं बनियन घालत न्हाई. पण कॅमेऱ्याला तुमचा आवाज जातो. आवाज धरून गणित पुन्हा मांडलं मी. वस्ताद, छताला जिथं पाणी ठिबकतं तिथंच भोक असतं का?"

"न्हाई. भोक गच्चीवर लांब कुठंतरी. पाणी सळईवरनं घसरत येतं आणि मधेच कुठं टपकतं."

"दस्तगीर ही टपकायची जागा हाय."

मग तिनं एक तुकडा लावला. जानेवारीतली साधी लीगची मॅच, अडतिसावं मिनिट. दस्तगीर चेंडू मारायला जातो, घसरतो, समोरचा गोल मारतो. आणि बाकावरून सर्जेरावचाच खणखणीत आवाज येतो, 'दस्त्या, किती घेतलास रं?' बाकावरचे सगळे खो खो हसतात.

सर्जेरावला हे आठवतच नव्हतं. आठवण्यासारखं त्यात होतं तरी काय? कोल्हापूरच्या मैदानावर हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू येतं. पेनल्टी चुकली, किती घेतलास. पास चुकला, किती घेतलास. देवळातल्या घंटेसारखं ते. येणारा जाणारा वाजवतो.

"पुढं बघा," शर्वरी म्हणाली. "या मिनिटापर्यंत दस्तगीर पास द्यायच्या आधी मैदानाकडं बघायचा. या मिनिटानंतर तो आधी बाकाकडं बघतो. तुमच्याकडं. शून्य पूर्णांक चार सेकंद. प्रत्येक वेळी. तो थबकलेला बघून गोलकीपर एक पाऊल पुढं येतो. डावीकडचा त्याला पास द्यायचं टाळतो. मधे भगदाड पडतं. ते बघून तुम्ही ओरडता. तुम्ही ओरडलात की त्याची मान पुन्हा वळते. सेकंदाच्या चार दशांशाचे होतात पाच, मग सहा. असा भोवरा स्वतःलाच फिरवत राहतो. त्याला बाहेरून ढकलायला कुणी लागत न्हाई."

लेथखालच्या पत्र्यात लोखंडाचा कीस गोळा झाला होता. तो सर्जेरावनं उगाच हातानं सारखा केला.

"आणि हे तुला आधी का दिसलं न्हाई?"

"कारण आधी कुणी मागितलं न्हवतं. सगळ्यांना लाल ठिपका पुरला." तिनं टॅब खाली ठेवला. "आणि खरं सांगू? कंपनीलाही तो पुरतो. फुटबॉल हे नुसतं चाचणीचं मैदान हाय. खरं गिऱ्हाईक कारखाने. पुढच्या महिन्यात तुमच्याच मालकांकडं दाखवायला येणार आहेत, की कामगारांत कुणाच्या जागी किती गळती. तिथंही लाल ठिपका असणार."

सर्जेरावनं आजूबाजूला बघितलं. नऊ लेथ, नऊ माणसं. उद्या यांतला कुठला तरी एक लाल होणार, आणि बाकीचे आठ सुटलो म्हणणार.

"फायनलला गाठ कुंभारबावशी हाय. काय म्हणतंय तुझं जाळं?"

"दस्तगीर बाहेर आणि तुम्ही बाकावर, जिंकायची शक्यता पंचेचाळीस टक्के. दस्तगीर आत आणि तुम्ही बाहेर, चौसष्ट." तिनं नजर चुकवली. "बाहेर म्हणजे दिसायलाही नको. तुम्ही नुसते दिसलात तरी त्याची मान वळते."

हे आकडे आणि भोवऱ्याची आकृती असलेलं पान शर्वरीनं त्याच्या हातात दिलं; ते एकच होतं, आणि ते दोघांनीच बघितलं होतं. सर्जेरावनं ते घडी करून खिशात घातलं आणि दोन दिवस बाहेर काढलं नाही. बावीस वर्षांत भोईवेसनं ही फायनल एकदाही जिंकली नव्हती. आता जिंकली तर वस्ताद म्हणून त्याचं नाव भिंतीवर लागलं असतं. पान फाडून टाकलं असतं तरी जगात कुणाला कळलं नसतं. दस्तगीरचं काय, खेळतो आणखी दोन वर्षं, मग संपतं. नाव खराब झालं तर झालं, लोक विसरतात. सर्जेरावनं स्वतःला हे सगळं सांगून बघितलं. पण लोक विसरत नाहीत, हे त्याला माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी कुणी पेनल्टी घालवली ते गावाला अजून तोंडपाठ आहे. त्या माणसाच्या पोराला शाळेत त्याच नावानं हाक मारतात.

तिसऱ्या दिवशी तालमीत बैठक होती. सर्जेराव उभा राहिला.

"फायनलला दस्तगीर खेळणार. मी बाकावर न्हाई."

गोंधळ उडाला. अण्णा म्हणाले, "डोकं फिरलंय काय वस्ताद? गळती परत घरात घेताय?"

"गळती माझी हाय," सर्जेराव म्हणाला आणि पान अण्णांच्या हातात दिलं. "मी ओरडतो तिथनं ती सुरू होती. सेमीला माझा घसा बसला होता. इसरलासा?"

अण्णांनी चष्मा लावला. आकडे बघितले, चौसष्टवर बोट ठेवलं. त्या भोवऱ्याची आकृती त्यांनी बघितलीसुद्धा नाही.

"मशीन म्हणतंय न्हवं चौसष्ट?"

"व्हय."

"मग ठरलं." आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हणजे इतके दिवस वस्तादच..."

पुढचं ते बोलले नाहीत. 'शेवटी'सारखंच हेही अर्धंच राहिलं. अर्धं वाक्य जास्त लांब जातं.

दस्तगीरला सांगायला अण्णा स्वतः गेले. तो एवढंच म्हणाला, "तालमीसाठी खेळतो. वस्तादांसाठी न्हाई." अण्णांनी ते मीठमसाला न लावता सर्जेरावला सांगितलं, आणि ते तसंच जास्त झोंबलं.

फायनलच्या दिवशी सर्जेराव घरीच बसणार होता. मंगलनं पोहे केले, टीव्ही लावला. बाहेर भोंगे वाजवत गाड्या चालल्या होत्या. तीन वाजता तो उठला.

"कुठं?"

"जरा पाय मोकळे करतो."

"स्टेडियमपर्यंत?"

त्यानं चपला पायात सरकवल्या. बावीस वर्षांत त्यानं गावातली एक फायनल चुकवली नव्हती, मग ती कुणाचीही असो. पण आपल्या लोकांत बसलं तर मैदानातून दिसणार. मग दिसणार नाही अशी जागा एकच. त्यानं तोंडाला मास्क लावला, कपाळावर टोपी ओढली आणि सरळ कुंभारबावच्या स्टँडात जाऊन बसला. कुणाच्याही डोक्यात येणार नाही अशी जागा. त्याच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

मॅच बरी चालली होती. दस्तगीर पहिली दहा मिनिटं बावचळल्यासारखा होता. एकदा त्याची मान बाकाकडं वळली. तिथं कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा वळली, अर्धीच. मग वळायची थांबली. पासांना सूर सापडला. गोलकीपर आपल्या जागेवर राहिला, डावीकडच्यानं पुन्हा त्याला पास द्यायला सुरुवात केली. सर्जेराव मास्कच्या आत ओठ चावून बसला होता. ओरडावंसं वाटलं की तो गुडघे घट्ट धरायचा.

शेजारी दोन म्हातारे शेंगदाणे खात होते.

"त्यो मधला मुजावर बघ. त्यानं म्हणं मॅच विकली हुती."

"कोण म्हणतंय?"

"भोईवेसवालेच."

दुसरा म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "अरं, आमचा गणपा मिशीवाला चार वर्षं त्याच्या मागं लागलाय. आमच्याकडं खेळ म्हणून. सेमीच्या आधी मंगळवारी बी चहा पाजला त्याला नाक्यावर. फोन करून करून गणपा थकला. गडी म्हणतोय, आमच्या घरचा पंजा त्या तालमीत बसतोय, मी कुठं येऊ? जो फुकट हलंना तो विकत कसला जातोय! भोईवेसवाले बेअक्कल हाईत, झालं."

सर्जेरावनं टोपी आणखी खाली ओढली. चहाचा गाडा, मिशा, फोन. सगळं होतं तिथंच होतं, फक्त अर्थ बदलला होता. बारा कॅमेरे आणि शेकडो चकत्यांनी जे टिपलं नाही, ते शेंगदाण्याच्या टरफलांत पडलेलं होतं.

पासष्टाव्या मिनिटाला भोईवेसनं गोल केला. कुंभारबावचा स्टँड मुका झाला आणि सर्जेरावही मुकाच राहिला. त्याला राहावं लागलं. ऐंशीव्या मिनिटाला कुंभारबावनं फेडला. लांबून मारलेला, वाऱ्यानं वळलेला चेंडू. कुणाची चूक नाही. सगळा स्टँड उसळून उभा राहिला आणि सर्जेरावही उभा राहिला, हात डोक्यावर मारून घ्यायला वर गेले.

टायब्रेकरमध्ये दस्तगीरनं आपला फटका जाळीत घातला. निखिल मुळीकचा खांबाला लागला. भोईवेस हरली. चौसष्ट टक्क्यांत छत्तीस टक्के हरणंही असतं, हे शर्वरीनं सांगितलं होतं. ऐकलं कुणी होतं?

त्या संध्याकाळी सातच्या आत फोटो गावभर फिरला. कुंभारबावचे निळे झेंडे, उसळलेली गर्दी, आणि मधोमध सर्जेराव इंगवले. मास्क हनुवटीवर घसरलेला, दोन्ही हात हवेत. पुढच्या क्षणी ते हात कपाळावर आपटले होते. पण फोटोत पुढचा क्षण नसतो. खाली लिहिलं होतं, 'भोईवेसचे वस्ताद गोल साजरा करताना'.

मग सगळं जुळलं. बहीण कुंभारबावात दिलेली. फायनलला स्वतःहून बाजूला झालेला. गळती माझी हाय, असं स्वतःच्या तोंडानं बोललेला. दुसऱ्या दिवशी तालमीतून निरोप आला की वस्तादांनी काही दिवस येऊ नये.

शर्वरीचा फोन आला. "वस्ताद, मी सगळा अहवाल जाहीर करते. भोवरा, उशीर, सगळं. तुम्ही सुटाल."

"त्यात पहिल्या पानावर काय हाय?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"दस्त्याचा लाल ठिपका हाय न्हवं? एक्केचाळीस?"

"हो. पण पुढं सगळं समजावलंय."

"पोरी, पुढचं पान कोण वाचतंय? पुन्हा त्याच्यावर जाईल. राहू दे." त्यानं फोन ठेवला.

शनिवारी दुपारी तो लेथवर होता. समवेगची माणसं आदल्या दिवशी येऊन कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे लावून गेली होती, त्यांचे बारीक दिवे लुकलुकत होते. आजूबाजूचे आठजण त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. दारात दस्तगीर आला. आत यायला जरा घोटाळला, मग आला. सर्जेरावनं मशीन बंद केलं.

"वस्ताद," दस्तगीर म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"घेतलंसा का काय कुंभारबावकडनं?"

आठही लेथ एकदम हळू झाल्यासारखे वाटले. सर्जेरावच्या डोक्यात रक्त चढलं, मग उतरलं. हा पोरगा तोंडावर विचारत होता. सगळ्या गावात एकट्यानं.

"न्हाई," तो म्हणाला.

दस्तगीरनं त्याच्याकडं नीट बघितलं. पासाआधी मैदान बघावं तसं.

"बरं," तो म्हणाला. "मी आजपासून असं सांगणार, जो विचारंल त्याला. पण रविवारी जेवायला येणार न्हाई. एवढ्यात तरी न्हाई. मंगलकाकूला सांगा, तिच्यावर राग न्हाई माझा."

आणि तो निघून गेला. सर्जेरावनं हात पुसले, नवा जॉब लावला आणि तो धरणारा चक घट्ट केला.